जळक्या भोकाचे वारस

या कटाईच्या टेबलाभोवती जमलेल्या माझ्या नातेवाइकांनो, कारागिरांनो आणि बोलावलं नसताना आलेल्या प्राध्यापकांनो,

तुम्हा सर्वांची माझ्याविरुद्ध एकच तक्रार आहे आणि ती रास्त आहे. कपडे बेतण्यात जिचं नाव झालं, तिच्या जवळच्या माणसांना गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत एकही नवा कपडा मिळाला नाही. माझ्या भावाने स्वतःच्या लग्नात पडदा घातला. माझी भाची शाळेच्या पहिल्या दिवशी उशीचे दोन अभ्रे घालून गेली. कटिंग मास्तरांच्या विजारीला तीन वेगवेगळ्या माणसांचे गुडघे आहेत. तुम्ही माझ्या पाठीमागे मला चिंध्यांची राणी म्हणालात. वर्कशॉपच्या भिंती फळ्यांच्या आहेत, मला सगळं ऐकू येत होतं. आज तुम्ही आलात ते या आशेने, की निदान मेल्यावर तरी ही बाई काहीतरी नवं देईल.

देणार नाही. जे आहे ते सगळं जुनं आहे, आणि त्यातली एकच वस्तू अशी आहे की जिच्यासाठी हा कागद लिहावा लागला: दारातल्या काचेच्या कपाटातली शाल. तिचं काय करायचं हे ठरवायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. तुम्हाला तासभर कळ काढायला हरकत नाही.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कपडे बेतण्याचा, राहणार याच वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाला न जुमानता, स्वखुशीने आणि समोर बसलेले वकील वारंवार उसासे टाकत असताना लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला टाचणीने सोबत लावला आहे. त्यांनी मला शंभरापासून सात-सात वजा करत उलटं मोजायला सांगितलं. मी बहात्तरपर्यंत आले आणि त्यांना म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या कोटाचं तिसरं बटण चौथ्या काजात गेलंय." त्यांनी खाली पाहिलं, बटण काढून नीट लावलं आणि दाखल्यावर लिहिलं, "बुद्धी शाबूत, नको तितकी."

हा मजकूर कोटाच्या बेताच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. पहिली कलमं पाठीच्या तुकड्यावर आहेत, मधली उजव्या बाहीवर आणि शेवट कॉलरवर. वकील तीनदा म्हणाले, "बाई, कोरा कागद आणून देतो." मी विचारलं, "या कागदाच्या मागच्या बाजूला काय झालंय?" ते म्हणाले, "अहो, पण न्यायालयात बाही कशी दाखल करायची?" मी म्हटलं, "घडी घालून." त्यामुळे जिथे माझं मन बदललं तिथे तुम्हाला खाडाखोड दिसेल. स्वच्छ प्रत काढलेली नाही, कुणी काढूही नये.

कलम एक. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गॅलरी आणि गळका नळ माझ्या धाकट्या भावाला. अट एवढीच की पडदे बदलायचे नाहीत. त्या पडद्यांना पूर्वी एक जोडीदार होता. तोच तुझ्या लग्नातला कोट झाला. बारा वर्षांनी त्या कोटाची खोळ झाली, खोळीचं अस्तर झालं, अस्तराची हातपुसणी झाली आणि हातपुसणी झिजल्यावर ती आपण मापाच्या पुतळ्याच्या छातीत भरली. म्हणजे भावा, तुझं लग्न अजून खाली दाराशी उभं आहे आणि त्याच्या अंगावर आपण रोज लोकांचे कोट चढवून बघतो. असा संसार किती जणांचा टिकतो?

माझी भावजय म्हणते, "वन्सं, पडद्याशी लग्न लागलं ते मी कधीच माफ केलं. पण कड्या अडकवायच्या पट्ट्यासुद्धा तशाच ठेवल्या होत्या तुम्ही. फोटोत दिसतात." ठेवल्या, कारण पट्ट्या चांगल्या होत्या. पुढच्याच वर्षी तसल्याच पट्ट्यांतून पट्टा ओवून आपण तसे कोट विकायला काढले, तेव्हा दाराबाहेर रांग लागली होती. त्या रांगेला चहा भावजयीनेच दिला. फोटो मात्र तिने अजून भिंतीवर लावलेला नाही. तो लावावा, ही दुसरी अट.

कलम दोन. माझी मोठी कात्री, खडूंचा डबा आणि कापडावर ठेवायची शिशाची वजनं कटिंग मास्तरांना. आमचा नियम सर्वांना माहीत आहे: कापड बेतल्यावर टेबलावर कात्रण उरता कामा नये. एकदा मास्तरांनी बेतलेल्या कोटातून तळहाताएवढा तुकडा उरला. मी म्हटलं, "हा कुठे घालणार?" ते म्हणाले, "बाई, माझ्या टाळक्यावर." त्यानंतर आमच्यात सहा वर्षं अबोला होता. एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून आम्ही पुतळ्याशी बोलायचो. "पुतळ्या, मास्तरांना सांग, बाही खांद्यावरून उतरलीय." "पुतळ्या, बाईंना सांग, खांदाच उतरलाय."

त्या रागाच्या भरात त्यांनी तो तळहाताएवढा तुकडा कोटाच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, खिसा म्हणून शिवून टाकला. जिथे कुणाचाही हात पोचत नाही अशा जागी. तो खिसा आज आमच्या प्रत्येक कोटाला आहे. एका मासिकाने त्याला "मौनाचा खिसा" म्हटलं. डॉक्टरांच्या पाठीवरच्या खिशात त्यांचे रोगी चिठ्ठ्या टाकतात आणि डॉक्टर घरी जाऊन बायकोकडून त्या काढून घेतात. त्यांना म्हणे अशा तक्रारी समजतात, ज्या तोंडावर कुणी सांगत नाही. मास्तर, तो खिसा तुमचाच. मी तो व्यासपीठावरून माझा म्हणून सांगितला, त्याबद्दल इथे खेद नोंदवते. समोरासमोर माफी मागणार नाही. पुतळ्याकडे निरोप ठेवला आहे.

कलम तीन. माळ्यावरची कात्रणांची चौदा पोती आणि हे वर्कशॉप, यंत्रांसकट आणि कारागिरांच्या स्वभावांसकट, माझ्या भाचीला. ही कात्रणं आमची नाहीत, आमच्याकडे उरतच नाहीत. शेजारपाजारचे शिंपी संध्याकाळी झाडून टाकतात ती मी चाळीस वर्षं वेचत आले. भाचीने शाश्वत वस्त्ररचनेची पदवी मिळवली आहे. तिला चार भाषांत "टिकाऊ" म्हणता येतं. पण तिच्या कोटाचं बटण तुटलं की ती कोट बदलते. परवा मी तिला सुई दिली, तर तिने ती कौतुकाने फिरवून पाहिली आणि विचारलं, "आत्या, ही चार्ज कुठे करायची?" थट्टा केली असं ती नंतर म्हणाली. मला खात्री नाही.

म्हणून अट: तिने माणसांच्या देखत सुईत दोरा ओवल्याशिवाय वर्कशॉप तिच्या नावावर होणार नाही. वकिलांनी विचारलं, "ही अट सिद्ध कशी करायची?" मी म्हटलं, "सुई समोर धरून."

इथे पाठीचा कागद संपला. पुढचा मजकूर उजव्या बाहीवर, मनगटाकडून वर वाचत जावा.

कलम चार. आता शाल. ती माझ्या आजीच्या आईची. तिच्या डाव्या काठावर पिवळ्या दोऱ्याच्या सात वाकड्या फुल्या आहेत. तुम्ही त्यांना सातफुली म्हणता. आमच्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या काठावर ती असते. लोक ती बघून आम्हाला ओळखतात. इथे बसलेल्या प्राध्यापकांनी तिच्यावर चारशे बारा पानं लिहिली आहेत. त्यांच्या मते सात फुल्या म्हणजे सात विहिरी, वाकडेपणा म्हणजे वाऱ्याची दिशा, आणि पिवळा रंग आता नामशेष झालेल्या एका झुडपाच्या मुळापासून काढलेला. त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मी अध्यक्ष होते. तासभर बोलले. पुढच्या रांगेतल्या बायका रडल्या.

मी शपथेवर लिहून ठेवते की सातफुली म्हणजे इस्त्रीने पडलेलं भोक आहे.

प्राध्यापकांना पाणी द्यावं.

मी तेविसाची होते. संध्याकाळी पाचला माझं पहिलं प्रदर्शन होतं. जुन्या विणीतून नवं काय काढता येईल हे दाखवायचं म्हणून मी आईच्या ट्रंकेतून ती शाल आणली होती. दुपारी तिला इस्त्री करत होते आणि करता करता, नुकत्याच कामाला लागलेल्या मास्तरांना परंपरेचं महत्त्व समजावून सांगत होते. वाक्य लांब होतं. मास्तर म्हणाले, "बाई, धूर." मी म्हटलं, "मधे बोलू नका." वाक्य पूर्ण होईपर्यंत इस्त्री एकाच जागी राहिली. नव्वद वर्षं टिकलेल्या शालीला माझ्या एका वाक्याने भोक पाडलं. मास्तरांनी हे आजवर कुणालाही सांगितलं नाही, सहा वर्षांच्या अबोल्यातसुद्धा पुतळ्याला सांगितलं नाही. म्हणून कात्रीबरोबर धार लावायचा दगडही त्यांचाच.

समोरच्या इमारतीत जिन्याखाली एक रफूवाली बसायची. तुम्ही तिला ओळखता. अजूनही तिथेच बसते, आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिने बुजवलेलं भोक जो शोधून दाखवील त्याला चहा पाजायचा, अशी तिची पैज असते. आजपर्यंत एकालाही तिचा चहा मिळालेला नाही. मी धावत तिच्याकडे गेले. त्या दिवशी तिला ताप होता आणि जिन्याखाली उजेड नव्हता.

"उद्या ये," ती म्हणाली. "या विणीला जुळणारा धागा शोधायलाच दिवस जाईल."

"उद्या नाही, आत्ता. पाऊण तास आहे."

"पाऊण तासात रफू होत नाही गं, पाऊण तासात गाठ बसते."

"मग गाठ मार! काहीही कर, भोक बुजव."

"काहीही केलं तर काहीही दिसेल."

"दिसू दे!"

हे माझे शब्द. हाताशी दुसरा दोरा नव्हता म्हणून तिने पोत्याचं तोंड शिवायचा पिवळा दोरा घेतला आणि भोकाच्या कडा सात ठिकाणी आवळल्या. शाल परत देताना तिने माझं मनगट धरून ठेवलं. "हे तात्पुरतं आहे. उद्या आण. उसवून नीट करून देते. आणशील ना?"

मी हो म्हटलं. त्या उद्याला आज अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

कारण प्रदर्शनात एका गृहस्थांनी चष्मा वर करून काठाकडे बोट दाखवलं. "हे चिन्ह कसलं?" मला "भोक" म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. पण दोन अक्षरांत थांबणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "आमच्या घरातल्या बायकांनी सात पिढ्या जपलेली ही खूण आहे." दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. तिसऱ्या दिवशी लोक सातफुलीचे कोट मागायला आले. चौथ्या दिवशी मी फुल्या वाकड्या कशा काढायच्या हे कारागिरांना शिकवत होते, आणि कुणाची फुली सरळ आली तर त्याला ओरडत होते.

पुढची सगळी वर्षं मी व्यासपीठांवरून एकच गोष्ट सांगितली: सावकाश शिवा, थोडं शिवा, दुरुस्त करून वापरा, ज्या हाताने कपडा केला त्या हाताचं नाव लक्षात ठेवा. यातला शब्दनशब्द खरा आहे आणि मी तो मागे घेत नाही. पण दर वेळी हे बोलताना माझ्या स्वतःच्या कोटावर पाऊण तासाच्या घाईची खूण होती, आणि जिच्या हाताची ती होती तिचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

तुम्हाला वाटेल, आपल्या हातचं काम जगभर मिरवतंय म्हणून रफूवाली खूश असेल. ती शरमेने अर्धी झाली आहे. रस्त्यात सातफुलीचा कोट दिसला की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. एकदा बस थांब्यावर तिच्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. ही त्यांना म्हणाली, "बाई, तुमच्या कोटाला फार वाईट रफू झालंय. द्या इकडे." आणि बस येईपर्यंत सातही फुल्या उसवून, आतून धागा घेऊन, काठ असा जुळवून दिला की तिथे काही होतं याचा पत्ता लागू नये. बाई रडत वर्कशॉपला आल्या. "माझी परंपरा कुणीतरी काढून घेतली!" मी त्यांना दुसरा कोट दिला. आतापर्यंत तिने असे अकरा कोट "दुरुस्त" केले आहेत. बारावा वकिलांचा होता. ते उसासे का टाकतात हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

दर वर्षी ती एकदा रस्ता ओलांडून येते, काचेच्या कपाटासमोर उभी राहते आणि विचारते, "आज देतेस?" आणि मी म्हणते, "उद्या."

कलम पाच. भाची गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीचा करार घेऊन आली. भाऊ तिच्या मागे उभा होता, पेनाचं टोपण काढून.

"आत्या, तू नुसती सही कर. शाल त्यांच्या इमारतीच्या दर्शनी दालनात राहील आणि सातफुली जगभर जाईल. वारसा आणि शाश्वतता, दोन्ही एकदम!"

"कशावरून जाईल?"

"शर्टांवरून."

"कसल्या?"

"प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून केलेल्या धाग्याच्या."

"किती?"

"आत्या, आकडा ऐकू नकोस, तुझा रक्तदाब वाढेल."

"ताई," भाऊ म्हणाला, "आयुष्यभर टाकाऊतून टिकाऊ केलंस. बाटल्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

बाटल्यांनी काही केलेलं नाही. बाटली बिचारी बाटली म्हणून चांगली होती. पण ऐका, शर्ट खपवणाऱ्यांनो! तीन धुण्यांत विरणारा शर्ट काढायचा, त्यावर आजीच्या आईचं नाव छापायचं, आणि तो फेकून देणाऱ्या माणसाला आपण काहीतरी जपतोय असं वाटायला लावायचं, याला वारसा म्हणत नाहीत. आणि हे मी ज्या तोंडाने म्हणते त्याच तोंडाने कबूल करते की या धंद्याची पहिली पायरी मीच बांधली. खोटं आधी मी विणलं, कंपनी ते फक्त लांबवते आहे. एक भोक लाखो शर्टांवर छापलं जाणार, आणि जिन्याखाली एक म्हातारी लाखो वेळा भिंतीकडे तोंड करणार. सही केली नाही. पेनाचं टोपण भावाने परत लावलं, पण पेन खिशात ठेवलं नाही, हे मी पाहिलं. कराराची एक अट मात्र मी नीट वाचली: मूळ शाल सातफुलीसह शाबूत हवी. नसेल तर करार नाही.

कलम सहा. (हे कलम आडव्या रेघेने खोडलेलं आहे. खोडलेलंच वाचावं.) काचेच्या कपाटातली शाल, सातफुली आणि तिच्यावरचे सगळे हक्क मी रफूवालीला देते. माझ्या पश्चात सातफुली तिच्या नावाने ओळखली जावी.

हे लिहून झालं तेव्हा मला फार उदात्त वाटलं. आतापर्यंत व्यासपीठावर जसं वाटत आलं तसं. मी तिला बोलावून घेतलं आणि वकिलांना वाचायला लावलं. तिने शांतपणे ऐकलं.

"मला नको," ती म्हणाली.

"अगं, न्याय करतेय मी!"

"माझं आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम माझ्या नावावर चढवतेस, हा न्याय? अठ्ठेचाळीस वर्षं ते निनावी होतं, तेवढंच काय ते तुझं भलेपण होतं."

"मग तुला हवंय तरी काय?"

"उद्या आणते म्हणाली होतीस. आण."

"शाल तुलाच ठेवलीय ना! मी गेल्यावर उसव."

"तू कधी जाणार?"

मी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी डॉक्टरांचा दाखला पाहिला. "गुडघा सोडला तर बाईंची तब्येत उत्तम आहे," ते म्हणाले. "दहा वर्षं तरी सहज."

"माझ्या डोळ्यांना वर्ष दिलंय," ती म्हणाली. "एक गेला, दुसऱ्याला वर्ष. टाका मला अजून जमतो, तो बोटांना कळतो. फक्त सुईचं भोक दिसत नाही. कुणी दोरा ओवून दिला तर एक शाल होईल. नंतर माहीत नाही."

मी गप्प बसले. मास्तरांनी हे घड्याळात पाहून नोंदवलं आहे.

वकिलांना शांतता सहन होत नाही. ते म्हणाले, "आता साक्षीदारांचं बघू. एक मास्तर झाले, त्यांची कात्री आणि दगड आधी हातात देऊन टाका, म्हणजे अडचण नाही. दुसरा कुणीही चालेल, पण ज्याला या कागदाने काही मिळणार आहे तो नको. साक्षीदाराच्या नावाने काही ठेवलं असेल तर ते बाद होतं."

रफूवालीने मान वर केली. "म्हणजे साक्षीदाराला काही मिळत नाही?"

"काहीही नाही."

"मग मला साक्षीदार करा."

"अहो आजी, तसं केलंत तर शाल जाईल!"

"जाऊ दे की. लिहा माझं नाव. मला काहीही मिळता कामा नये, नीट लिहा."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, वारस होण्यासाठी लोक डोकी फोडतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं, पण वारस होऊ नये म्हणून साक्षीदार होणारी बाई पहिलीच. मग त्यांनी स्वतःच्या कोटाच्या डाव्या काठावरून बोट फिरवलं, जिथे काहीच नव्हतं, आणि पहिल्यांदाच उसासा टाकला नाही.

बाही इथे संपली. कॉलर थोडीच असते, म्हणून आता थोडक्यात लिहिते. मला ते जमत नाही हे ठाऊक आहे.

कलम सात. मृत्युपत्राने जे देता येत नाही ते हातानेच द्यावं लागतं, आणि हात चालतो तो जिवंतपणी. दोन दिवस मी रुसून बसले. तिसऱ्या दिवशी वकिलांना सांगितलं की हे मृत्युपत्र माझ्या हयातीत वाचलं जाईल. ते म्हणाले, "अशी पद्धत नाही." मी म्हटलं, "कॉलरवर लिहायची तरी कुठे होती?"

तर, तुम्ही हे ऐकत आहात तेव्हा मी मेलेले नाही. दाराजवळच्या स्टुलावर बसले आहे. सगळ्यांनी एकदम वळून बघू नका. मास्तर वाचून दाखवत आहेत, कारण मी वाचायला घेतलं असतं तर मधेच भाषण सुरू झालं असतं आणि पुन्हा कुठेतरी धूर निघाला असता.

शाल कपाटातून निघेल. रफूवाली तिच्या पद्धतीने, तिला लागेल तितका वेळ घेऊन, सातफुली उसवील आणि ते भोक असं बुजवील की मला स्वतःला सापडणार नाही. धागा तिने स्वतः निवडून ठेवला आहे. कधीपासून, ते मला विचारायचा धीर झाला नाही. उसवलेला पिवळा दोरा प्राध्यापकांना द्यावा. नामशेष झुडूप कुठल्या पोत्यावर उगवत होतं ते त्यांनी खुशाल शोधावं. कंपनीचा करार आपोआप मिटेल. उद्यापासून आमच्या कपड्यांवर कुठलीही खूण नसेल. गिऱ्हाइकं टिकली तर शिलाईवर टिकतील. नाही टिकली तर शिलाई सुधारू. ज्यांच्याकडे जुने सातफुलीचे कोट आहेत त्यांनी ते झिजेपर्यंत वापरावेत आणि झिजले की दुरुस्तीला आणावेत. भावा, तुला वाईट वाटेल. वाटू दे. वरच्या पडद्यात अजून एका कोटाएवढं कापड आहे, ते तुला.

आता कॉलरच्या टोकाला एवढीच जागा उरली आहे. साक्षीदार पेनाने सही करायला तयार नाही. सही टाक्यानेच करीन म्हणते. सुई तिच्या डाव्या हातात आहे, दोऱ्याचं टोक उजव्या हातात, आणि दोघांची भेट तिला घडवता येत नाही. भाची, फोन खाली ठेव. कंपनीला नंतर कळव. ऊठ, खिडकीशी तिच्याजवळ जाऊन बस, आणि तिच्या सुईत दोरा ओव.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार एक: कटिंग मास्तर. कात्री, खडू, वजनं आणि दगड आधीच हातात दिले, आता या कागदाने त्यांना काही मिळायचं नाही. सही खडूने केली होती. वकिलांच्या आग्रहावरून तीच शाईने गिरवली.

साक्षीदार दोन: रफूवाली. कॉलरच्या टोकाला टाका घातला आहे. वकिलांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, बोट फिरवलं. टाका सापडला नाही. तो आहे, असं साक्षीदाराच्या शब्दावर नोंदवलं. चहा कुणालाच मिळाला नाही.

दोरा ओवला: भाची, नवव्या प्रयत्नात. कलम तीनची अट सर्वांदेखत पूर्ण.

ठिकाण: कटाईचं टेबल, खिडकीकडची बाजू.

दिनांक: चार मार्च, गुरुवार. दुपारी तीनला शाल रफूवालीच्या मांडीवर दिली. उजेड चांगला. ताप नाही. पुढे लागलेला वेळ मोजलेला नाही.